एसी नवा नको, आधी स्लॅब पांढरा करा

प्रश्न : अकोल्यात आमचं एकमजली घर आहे, वर ८०० चौरस फुटांचा स्लॅब. मार्चमध्ये १५० युनिटांच्या आसपास असणारं बिल गेल्या मे महिन्यात ४६८ युनिटांवर गेलं आणि सहा हजारांच्या वर पैसे भरावे लागले. बेडरूम १५० चौरस फुटांची आहे. तिथे दीड टनाचा, २०१६ सालचा थ्री स्टार एसी रात्री ११ ते ५ चालतो. २० वर ठेवला तरी रात्री दोनपर्यंत खोली गार होत नाही. मेकॅनिक म्हणतो, गॅस कमी झालाय. दुकानदार म्हणतो, ४२ हजारांचा फाइव्ह स्टार इन्व्हर्टर घ्या. सासरे दिवसभर हॉलमध्ये असतात, तिथे लोखंडी कूलर आहे. तो लावला की चिकचिक होते आणि हात लागला की झिणझिण्या येतात. नळ पाच दिवसांनी येतो, बोअरचं पाणी खारं आहे. एसी आणि कूलर दोन्ही एकदम लावले तर लवकर गार होऊन बिल वाचेल का? आधी कशावर खर्च करावा?
(एक वाचक, अकोला)

उत्तर : ताई, बाकीचं नंतर बघू, आधी त्या झिणझिण्या. आज संध्याकाळीच कूलरचा प्लग काढून ठेवा आणि अर्थिंग तपासल्याशिवाय तो लावू नका. उन्हाळ्यात लोखंडी कूलरचा शॉक लागून माणसं जातात, तेव्हा बहुतेक वेळा "थोड्या झिणझिण्या येतात" हे घरात आधीपासून सगळ्यांना माहीत असतं. पंपाची वायर ओलीत कडक होऊन तडकते, पत्र्याला टेकते आणि अर्थिंग नसेल तर सगळा पत्रा जिवंत होतो. इलेक्ट्रिशियनकडून तीन कामं करून घ्या. तीन पिनांचा प्लग आणि त्यातली हिरवी वायर कूलरच्या पत्र्याला नटबोल्टने पक्की. पंपाची वायर अखंड, मध्ये टेपचा जोड नको. आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लगेच पुरवठा तोडणारा स्विच. एमसीबी (लोड वाढला की पडणारा स्विच) असली की झालं असं समजू नका. ती वायर वाचवते, माणूस नाही.

आपल्याकडच्या काळ्या मातीची यात एक भानगड आहे. एप्रिल-मेमध्ये माती भेगाळते, अर्थिंगच्या पाइपपासून सुटते आणि पावसाळ्यात चांगलं असलेलं अर्थिंग ऐन उन्हाळ्यात नावापुरतं राहतं. खड्ड्यात आठवड्याला एक बादली पाणी ओतत जा. त्याला खारं पाणीच चांगलं.

आता बिल. एका महिन्यात ३१८ युनिटं वाढली, ती गेली कुठे ते मांडू. तुमच्या जातीचा एसी चालू असताना साधारण १.६ किलोवॅट घेतो. सहा तास न थांबता चालला तर रात्रीला ९.६ युनिटं, महिन्यातल्या २५ रात्री धरल्या तर २४०. हॉलचा कूलर २०० वॅटचा, दिवसाला नऊ तास धरले तर महिन्याला ५४. उरलेली चोवीस जास्त चाललेल्या पंख्यांची. हिशेब जुळतो. म्हणजे मीटरमध्ये खोट नाही आणि कूलरही गुन्हेगार नाही.

हे अंदाजावर सोडायचं नसेल तर मीटरवरचा लाल दिवा मोजा. मीटरवर '३२०० इम्पल्स प्रति युनिट' किंवा '१६००' असं छापलेलं असतं. फ्रिजसकट सगळं बंद करून फक्त एसी चालू ठेवा आणि एका मिनिटात दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा. ३२०० च्या मीटरवर मिनिटाला ८५ वेळा म्हणजे १.६ किलोवॅट. आकडा लिहून ठेवा, पुढे लागेल.

दर टप्प्याटप्प्याने चढतात : पहिली १००, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत. ३०० ओलांडले की सगळीच युनिटं महाग होतात हा समज चुकीचा आहे. महाग होतात ती फक्त वरची. पण ती चांगलीच महाग. वहन आकार आणि वीजशुल्क धरून ३०० च्या पुढचं युनिट गेल्या काही वर्षांत सोळा ते अठरा रुपयांच्या घरात राहिलंय. नेमका दर तुमच्या बिलाच्या मागे असेल. तुमची अशी १६८ युनिटं आहेत, म्हणजे पावणेतीन हजार रुपये तिथेच गेले. आपल्याला तेवढीच तोडायची आहेत. सगळं बिल अर्ध्यावर आणायच्या नादाला लागू नका.

पत्रातली खरी ओळ आहे "रात्री दोनपर्यंत खोली गार होत नाही" ही. मेकॅनिकने ती ऐकून गॅसचं निदान केलं. गॅस कमी आहे की नाही हे घरच्या घरी कळतं. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. एसी पंधरा मिनिटं चालू द्या, मग वरून आत ओढल्या जाणाऱ्या हवेचं आणि खालून बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान घ्या. फरक १० ते १२ अंश असेल तर मशीन ठीक आहे. सहा-सातच असेल तर आधी जाळी धुवा, बाहेरच्या युनिटची धूळ पाण्याच्या साध्या धारेने काढा आणि पुन्हा मोजा. तरीही तेवढाच राहिला, किंवा बारीक पाइपावर बर्फ धरत असेल, तरच गॅसचा विषय. आणि गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळतोय. गळती न शोधता, व्हॅक्यूम न करता (पाइपातली हवा ओढून न काढता) "टॉप-अप" मारून जाणाऱ्याला पुढच्या वर्षीही पैसे द्यावे लागतात.

फरक चांगला आला, आणि येईल असाच रंग दिसतोय, तर दोष डोक्यावर आहे. बेडरूमवरचा स्लॅब १५० चौरस फूट, पाच इंच जाड. त्याचं वजन चार टनांच्या वर भरतं. एवढं काँक्रीट एक अंशाने उतरायचं तर त्याला एक युनिट उष्णता सोडावी लागते. दुपारभर तो ती साठवतो आणि वरची उष्णता खालपर्यंत झिरपायला चार-सहा तास लागतात, म्हणून छत सर्वांत तापलेलं असतं ते दुपारी दोनला नव्हे, रात्री आठ-नऊला. स्टुलावर चढून नऊ वाजता छताला हात लावा आणि मग आतल्या भिंतीला लावा. तुमचा एसी अकरा ते दोन हवा गार करतच नाही, स्लॅब विझवतो. २० वर ठेवल्याने त्याचा जोर वाढत नाही. तुमचा एसी इन्व्हर्टर नाही, त्यामुळे कॉम्प्रेसर एकतर पूर्ण चालतो नाहीतर बंद. २० चा अर्थ एवढाच की तो रात्रभर कट होणार नाही.

म्हणून पहिला खर्च गच्चीवर. दोन रस्ते आहेत.

स्वस्त रस्ता चुन्याचा. ८०० चौरस फुटांना दोन हात द्यायला विरलेल्या चुन्याची पावडर २५ किलो, पांढरा सिमेंट ५ किलो आणि फेविकॉलसारखा पांढरा गोंद एक ते दीड किलो पुरतो. कळीचा चुना आणलात तर तो आदल्या दिवशी लोखंडी पिंपात विरवा. आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा चुना. उलटं केलं तर उसळून अंगावर येतो आणि प्लास्टिकचं पिंप मऊ पडतं. पावडरही रात्रभर भिजवा आणि सकाळी कापडातून गाळा. ढवळल्यावर ताकासारखं हवं, दह्यासारखं नको. घट्ट चुना एका महिन्यात पोपडे धरतो. सिमेंट शेवटी, आणि एका वेळी एका बादलीपुरताच कालवा, नाहीतर तासा-दीड तासात बादलीतच बसतो.

चुना बहुतेक वेळा बिघडतो तो गच्ची नीट न झाडल्याने आणि भर उन्हात मारल्याने. तारेच्या ब्रशने धूळ, शेवाळ, सुटलेला जुना थर काढा, धुवा. काम संध्याकाळी पाचनंतर करा, स्लॅबवर पाण्याचा हलका शिडकावा मारा आणि तो ओलसर असतानाच पहिला हात द्या. तापलेल्या कोरड्या स्लॅबवर चुना धरायच्या आतच सुकतो आणि दुसऱ्या दिवशी पायाला पीठ लागतं. दुसरा हात दुसऱ्या संध्याकाळी, पहिल्याच्या आडवा. डोळ्यांना गॉगल, हातात रबरी मोजे. चुना डोळ्यात गेला तर थट्टा नाही. असा चुना एक उन्हाळा टिकतो, पावसाळ्यात बराचसा वाहून जातो. अवकाळीचा अंदाज बघून मार्चअखेर करा.

दुसरा रस्ता कूल रूफ पेंटचा. एवढ्या गच्चीला दोन हातांचे ३५-४० लिटर लागतात, खर्च कितीतरी पट, पण तीन ते पाच वर्षं जातात आणि बारीक भेगाही बुजतात. डब्यावर एसआरआय (ऊन परतवून गार राहण्याचा) आकडा बघा, १०० च्या वर असलेला घ्या. नुसता पांढरा वॉटरप्रूफिंग रंग आणि हा एकच नव्हे. यंदा पैसे अडकवायचे नसतील तर चुनाच मारा. एका उन्हाळ्यात फरक स्वतः बघा, मग पेंटचं ठरवा. दोन्हींना धुळीचा शाप आहे. एप्रिलअखेर गच्ची तपकिरी दिसायला लागली की निम्मा गुण गेला, तेव्हा नळ येईल त्या दिवशी एकदा झाडून धुऊन घ्या. हिरवी नेट बांधणार असाल तर ती स्लॅबवर अंथरू नका. सहा-सात फूट उंच बांधा, खालून वारा खेळला पाहिजे. पण वादळात ती फाटते, खांब हलतात आणि शेजाऱ्यांशी बोलाचाली होते ती वेगळी.

पश्चिमेच्या खिडकीबद्दल तुम्ही लिहिलं नाही, पण असेलच. चार बाय चारच्या काचेतून मे महिन्यात दुपारी चारला सात-आठशे वॅटचा हीटर लावल्यासारखं ऊन आत येतं. आतला पडदा ते थांबवत नाही, कारण ऊन काच ओलांडून आत आल्यावरच पडद्यावर पडतं. बाहेरून बांबूची चटई किंवा जुनी वाळ्याची ताटी बांधा. ताटी कोरडी असली तरी चालेल.

आता कूलर. तुमच्या प्रश्नातला सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. कूलर आणि एसी एका खोलीत एकदम कधीही लावू नका. कूलर हवेत पाणी भरतो, एसी तेच पाणी पुन्हा बाहेर काढतो. एक लिटर वाफ परत पाणी करायला एसीला पाव युनिटाच्या जवळपास वीज लागते आणि कूलर तासाला दहा-बारा लिटर सहज उडवतो. म्हणजे एसीचं सगळं बळ कूलरचं पाणी निपटण्यात जातं. दोन बैल दोन दिशांना जुंपल्यासारखं आहे ते.

पण आळीपाळीने वापरले तर विदर्भात कूलरसारखा स्वस्त सोबती नाही. अकोल्यात मे महिन्यात दुपारी ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असते, तेव्हा ओल्या ताट्यांतून हवा २८ अंशांपर्यंत उतरते. रात्री अकरानंतर बाहेर ३३ आणि हवा कोरडी, तेव्हा हाच कूलर २४-२५ ची हवा देतो. एसीकडून तरी तुम्ही आणखी काय मागता? आणि वीज २०० वॅट, एसीच्या आठव्या हिश्श्याने. म्हणून बेडरूमच्या खिडकीत, बाहेरच्या बाजूला, एक लहान कूलर बसवा. खोली १५०० घनफुटांची आहे, तिला १००० ते १५०० सीएफएमचा (म्हणजे मिनिटाला तेवढे घनफूट हवा देणारा) पुरे. एप्रिल आणि मेच्या कोरड्या रात्री तोच. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते तापाचे नऊ दिवस, सरल्यावर, ढग जमून हवा दमट झाली की बंद करा. ३५ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेत तो तीस-एकतिसाच्या खाली जात नाही, वर अंग ओलं. तिथून एसीचे दिवस.

हॉलमधली चिकचिक मे महिन्यात होत असेल तर दोष हवेच्या वाटेचा. कूलर ढकलतो तेवढी हवा दुसरीकडून बाहेर गेली पाहिजे, नाहीतर तीच ओली हवा खोलीत फिरते. कूलर बाहेरची कोरडी हवा ओढेल असा खिडकीबाहेर हवा. खोलीत ठेवलेला कूलर तासाभरात खोलीलाच दमट करतो. समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार दर १००० सीएफएमला दीड-दोन चौरस फूट उघडं ठेवा. दाराशी उभं राहून बघा : पडदा बाहेरच्या अंगाला हलका फुगला की बरोबर, दार धाडकन आपटायला लागलं की वाट कमी पडते. सासऱ्यांची खुर्ची कूलर आणि त्या दाराच्या मधल्या रेषेत ठेवा, कोपऱ्यात नको.

पाण्याचा प्रश्न मात्र खरा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. बेडरूमचा कूलर रात्रीत ६०-७० लिटर पिणार. नळ पाच दिवसांनी, त्यामुळे बोअरचंच वापरावं लागेल आणि पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात ते कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको. लिटरला दीड ग्रॅम क्षार धरला तरी एका रात्रीत शंभर ग्रॅम टाकीत आणि ताट्यांवर मागे राहतो. पाणी उडतं, मीठ उडत नाही. आठवड्यात ताट्या पांढऱ्या दगडासारख्या होतात, हवा अडते, कूलर नुसता पंखा होतो. उपाय साधा : टाकी रोज नुसती भरत राहू नका. सकाळी तळातलं दहा-पंधरा लिटर पाणी पूर्ण सोडा, मग नवं भरा. सोडलेलं पाणी संडासला, फरशीला चालेल, कुंड्यांना नको. खाऱ्या पाण्याला महागडे हनीकॉम्ब पॅड घेऊ नका. त्याची बारीक भोकं क्षाराने बुजली की पॅड फेकावाच लागतो. वुडवूलच्या ताट्या स्वस्त पडतात, मेच्या मध्याला एकदा बदलून टाका. पंपाची जाळी आणि वरच्या नळीची भोकं दर रविवारी सुईने मोकळी करा. एखादी ताटी अर्धी कोरडी राहिली की तिथून गरम हवा थेट आत येते आणि लोक म्हणतात कूलर बिघडला.

रविवारीच टाकी कोरडी करून कडा काथ्याने घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेपाशी कडेला चिकटलेली असतात. नुसतं पाणी बदलून ती जात नाहीत. आणि बोअरच्या खाऱ्या पाण्याचा फवारा एसीच्या बाहेरच्या युनिटवर मारायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. पहिले चार दिवस थंड वाटतं, मग पत्र्यांवर क्षार बसतो आणि युनिट गुदमरतं. त्याला सावली द्या, पण समोर दोन-तीन फूट मोकळं सोडून.

एसीच्या दिवसांत २६ वर ठेवा आणि पंखा दोन-तीनवर. एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, हा ऊर्जा दक्षता ब्युरोचा आकडा. २०२० पासूनचे स्टारवाले एसी कारखान्यातूनच २४ वर लावून येतात ते उगाच नाही. दाराखालच्या फटीला जुन्या साडीची वळकटी लावा, पहाटे चारचा टायमर. पंखे जुने ७५ वॅटचे असतील तर ज्या खोलीत पंखा दिवसभर फिरतो तिथला एक बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या मोटरचा) करा, तो तीसच्या आसपास घेतो. त्याच्या वायरीतून जुना रेग्युलेटर काढून टाकायला मात्र सांगा.

राहिला ४२ हजारांचा एसी. गच्ची पांढरी आणि कोरड्या रात्री कूलरच्या, असं झालं तर एसी वर्षाला पंचेचाळीसेक रात्री चालेल, रात्रीला सहा युनिटं धरा, म्हणजे २७०. इन्व्हर्टरने त्यातली एक तृतीयांश वाचवली तर ९० युनिटं, फार तर चौदाशे रुपये. बेचाळीस हजार फिटायला तीस वर्षं. तेवढा एसी टिकत नाही. आत्ताचा बंद पडेल तेव्हा फाइव्ह स्टार जरूर घ्या. तेवढीच रक्कम हातात असेल आणि ती खर्चच करायची असेल तर सोलरची चौकशी करा. पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार आणि तीन किलोवॅटला ७८ हजार अनुदान आहे. एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिटं देतो, जागा शंभर चौरस फूट घेतो. पॅनेल बेडरूमवर बसवून घ्या. त्यांची सावली स्लॅबला मिळते, हे विकणारे सांगत नाहीत. मात्र पॅनेल बसणार असतील तर त्याखालचा चुना आधी उरकून घ्या, नंतर ब्रश शिरत नाही.

आणि नवतपा सरल्यावर जी पहिली रात्र दमट वाटेल त्या रात्री एसी २६ वर लावा आणि साडेबाराला पुन्हा मीटरपाशी जा, एसी सोडून बाकी सगळं बंद करून. दिवा मिनिटाला ८५ वरून तीनावर आलेला दिसला, तर कॉम्प्रेसर कट झाला. अजूनही ८५ च असेल तर दुसऱ्या दिवशी गच्चीवर जाऊन बघा, चुन्यावर धूळ बसली असेल.